दोघांचे घर कोणत्या गावी?

पती-पत्नींनी कोणत्या गावी बिऱ्हाड करावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ पोटापाण्याचा दिसतो. जेथे चार पैसे अधिक मिळतील तेथे जावे, इतकेच त्याचे उत्तर आहे, असे पुष्कळांस वाटते. परंतु पतीचे मन एका शहराकडे ओढते आणि पत्नीचे दुसऱ्याकडे, असा प्रसंग आला म्हणजे तो प्रश्न पोटाचा न राहता न्यायाचा होतो. शेत वाटून घेता येते, भांडीकुंडीही वाटून घेता येतात. परंतु एक चूल दोन गावी पेटवता येत नाही. दोघांपैकी कोणा एकाला आपली इच्छा सोडावी लागणार, हे उघड आहे. ती कोणी सोडावी, कोणाच्या सांगण्यावरून सोडावी, आणि सोडणाऱ्याचे दुसऱ्याकडे काही देणे राहते की नाही, ह्याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

डहाणू-तलासरीच्या लोकांस गाव सोडणे नवे नाही. भात झोडून झाले की कामासाठी बाहेर पडावे, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर राबावे आणि पावसाच्या तोंडाशी घरी परतावे, हा क्रम पुष्कळ वर्षांचा आहे. त्या जाण्यात गावचे घर तसेच राही, म्हणून कोठे जावे ह्याबद्दल फारसा वाद होत नसे. आता शिकलेली तरुण जोडपी कायमचे बिऱ्हाड करण्याच्या विचाराने निघतात, आणि त्यांच्यापुढे दोन वाटा फुटतात. एक वाट उत्तरेस, संजाण व भिलाड ओलांडून वापीस, म्हणजे गुजरात राज्यात जाते. दुसरी दक्षिणेस वाणगाव, बोईसर, पालघर आणि त्यापुढे विरार-वसईकडे जाते. दोन्हीकडे काम आहे, दोन्हीकडे ओळखीची माणसे आहेत, आणि म्हणूनच वाद आहे.

समजा, तलासरीकडील एक जोडपे आहे. पती म्हणतो, "वापीस जाऊ. तेथील कारखान्यात माझे काम ठरल्यासारखे आहे. आईबाप थकले आहेत. रात्री-अपरात्री निरोप आला तर महामार्गाने लगेच घरी येता येईल." पत्नी म्हणते, "गाव सोडायचेच असेल तर पालघरला जाऊ. तेथे मुलांना मराठी शाळा आहे, जिल्ह्याची कचेरी आहे, माझी बहीण आहे." ही बाई गावात आशा सेविका आहे. ते काम नियमानेच त्या गावच्या रहिवासी स्त्रीकडे असते. गाव सुटले की काम सुटले. म्हणजे पतीस शहरात गेल्याने काम मिळणार, आणि पत्नीचे हातचे काम जाणार. येथे कोणी हट्टी नाही, कोणी आळशी नाही. एकाला आईबापांची काळजी आहे, दुसरीला मुलांची. दोन्ही कारणे चांगली आहेत, आणि दोन चांगल्या कारणांचा तंटा मिटविणे हेच खरे कठीण आहे.

त्यात राज्याची सीमा आडवी येते. शिधापत्रिकेवरील धान्य आता दुसऱ्या राज्यातही मिळण्याची सोय झाली आहे. परंतु जमातीच्या दाखल्याचे तसे नाही. एका राज्यातील अनुसूचित जातीजमातीच्या मनुष्याने दुसऱ्या राज्यात जाऊन वास्तव्य केल्यास केवळ जुन्या दाखल्याच्या बळावर तेथील राखीव जागांवर त्यास हक्क सांगता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली दिला आहे. तेव्हा वापी अंतराने जवळ असली तरी मुलांच्या शिक्षणाच्या दृष्टीने ती पालघरहून दूर ठरू शकते. ही गोष्ट पगाराच्या आकड्यात दिसत नाही.

असा तंटा लोक सामान्यतः तीन रीतींनी मिटवितात, आणि तिन्ही रीती आम्हांस सदोष वाटतात.

पहिली रीत अशी की, ज्याची मिळकत अधिक त्याचा शब्द शेवटचा. ही रीत रोखठोक दिसते, परंतु ती न्यायाची नव्हे. पत्नीची मिळकत कमी का? पुष्कळदा ह्याच कारणाने की, लग्न झाल्यावर तिने एक गाव सोडले, मुले झाल्यावर शिक्षण सोडले, आणि सासूसासऱ्यांच्या आजारपणात मजुरी सोडली. पूर्वी तिने जे सोडले त्याच्यामुळे ती आज कमी मिळविते; आणि आज ती कमी मिळविते म्हणून तिने पुन्हा सोडावे, असे म्हणणे म्हणजे एकदा घेतलेल्या कर्जाबद्दल सावकारानेच व्याज देण्यासारखे उफराटे आहे.

दुसरी रीत अशी की, पती घराचे मस्तक आहे, म्हणून त्याने ठरवावे. पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा आधार ह्या ठिकाणी हमखास दिला जातो. परंतु ज्या अध्यायात पत्नीने अधीन असावे असा बोध आहे, त्याच अध्यायात त्याच्या अगोदर सर्वांनी परस्परांच्या अधीन असावे असेही सांगितले आहे, आणि पतीवर तर स्वतःस देऊन टाकण्याइतक्या प्रीतीचा भार घातला आहे. ज्याने स्वतःस द्यावयाचे, त्याने एक शहर मात्र सोडू नये, असा अर्थ त्या अध्यायातून कसा काढतात, हे आम्हांस उमगत नाही. आमच्या भागातील जुनी चालही ह्या मतास पुरता आधार देत नाही. वारली लोकांत लग्न लावणारी धवलेरी ही स्त्रीच असते; आणि ज्या तरुणापाशी देज द्यावयास काही नसे, तो घरजावई होऊन सासऱ्याच्या घरी राही व राबे. बायकोने नवऱ्यामागे जावे हा जगाचा एकच नियम आहे, असे निदान येथे तरी कोणी म्हणू नये.

न्यायालयांपुढेही हा प्रश्न आलेला आहे. १९७७ साली पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठापुढे एका शिक्षिकेचा खटला होता. तिची नोकरी एका गावी आणि पती दुसऱ्या गावी. पत्नीने पतीच्या घरी राहावे हे तिचे कर्तव्य असून नोकरीच्या कारणाने तिला वेगळे राहता येणार नाही, असा कौल त्या न्यायालयाने दिला. पुढल्याच वर्षी, १९७८ साली, दिल्ली उच्च न्यायालयाने तशाच एका खटल्यात निराळा विचार मांडला. तेथेही पत्नी शाळेत कामाला होती, आणि तिची नोकरी पतीच्या नोकरीहून अधिक भक्कम होती. घर कोठे असावे हे ठरविण्याचा अधिकार एकट्या पतीचा आहे असे कायदा म्हणत नाही. ते दोघांनी मिळून ठरवावे, आणि कोणाची सोय-गैरसोय अधिक ते पाहावे, असे त्या न्यायालयाने म्हटले. हे खटले हिंदू विवाह कायद्याखालचे होते, आणि आपल्या विवाहांस निराळे कायदे लागू आहेत. तथापि एकाच वर्षाच्या अंतराने शहाण्या न्यायाधीशांची दोन मते व्हावीत, ह्यावरून हा प्रश्न किती अवघड आहे हे दिसते. आमचे मन दुसऱ्या निर्णयाकडे झुकते.

तिसरी रीत सर्वांत अधिक चालते, आणि ती सर्वांत अधिक घातक आहे. ती अशी की, जो आधी थकतो तो हरतो. वाद चार रात्री चालतो, पाचव्या रात्री पत्नी गप्प बसते, सहाव्या दिवशी सामान बांधले जाते, आणि पती सर्वांस सांगतो, "दोघांच्या विचाराने ठरले." गप्प बसणे आणि संमती देणे ह्यांत मोठे अंतर आहे. ज्याला नाही म्हणता येते, त्याच्याच हो म्हणण्याला किंमत असते.

ह्याचे एक उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. कवी नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई ह्यांचे लग्न १८८० साली झाले. टिळकांचा स्वभाव एका ठिकाणी ठरणारा नव्हता. नाशिक, नागपूर, राजनांदगाव अशी बिऱ्हाडे होत गेली, आणि लक्ष्मीबाई कधी त्यांच्या मागे, कधी आप्तांच्या घरी, असे दिवस काढीत राहिल्या. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर सुमारे पाच वर्षे पती-पत्नी एकमेकांपासून दूर राहिली. पुढे लक्ष्मीबाई आपल्या पायांनी पतीकडे आल्या, आणि १९०० साली, स्वतःच्या मनाची खात्री झाल्यावर, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे' ह्या आत्मवृत्तात त्यांनी ते दिवस हसतखेळत सांगितले आहेत. परंतु त्या हसण्यामागे किती सोसणे होते, हे वाचणाऱ्यास कळल्यावाचून राहत नाही.

येथे एक भेद ध्यानात ठेविला पाहिजे. धर्माचा निर्णय ज्याचा त्याने करावयाचा असतो; तो पत्नीच्या किंवा पतीच्या परवानगीवर टांगून ठेवता येत नाही. त्याबद्दल टिळकांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु बिऱ्हाडाचा निर्णय तसा नव्हे. गाव निवडणे हे एकट्याच्या विवेकाचे काम नाही, कारण त्या गावी दोघांस पाणी भरावयाचे असते. आणि टिळक दांपत्याच्या चरित्रावरून हेही दिसते की, ओढून नेलेले मनुष्य बरोबर असूनही दूर असते, आणि आपण होऊन आलेले मनुष्य मग सहसा परतत नाही.

मग करावे काय? आम्हांस जे सुचते ते असे.

प्रथम, शहराचे नाव बाजूला ठेवून त्यामागची गरज शोधावी. आमच्या जोडप्यातील पतीस वापी नको आहे. त्यास आईबापांच्या जवळ राहून नियमित पगार हवा आहे. पत्नीस पालघर नको आहे. तिला मुलांसाठी मराठी शाळा व दाखल्याची सोय, आणि स्वतःसाठी आपले असे एक माणूस हवे आहे. असे पाहिले म्हणजे कधी तिसरे गाव दिसू लागते. डहाणूस बिऱ्हाड केले तर राज्य तेच राहते, तलासरी जवळ राहते, शाळा मिळते, आणि पतीस आगगाडीने बोईसरच्या कारखान्यात जाता-येता येते. मध्ये वाणगाव हे एकच स्थानक आहे. पत्नीस बहिणीकडेही सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येते. अर्थात् प्रत्येक तंट्यात असे तिसरे गाव निघेलच असे नाही.

ते न निघाल्यास, काय पुन्हा मिळविता येते आणि काय येत नाही, हे पाहावे. वर्षभराचा कमी पगार पुढे भरून काढता येतो. मुलाची परक्या भाषेत गोंधळलेली दोन वर्षे भरून काढणे कठीण. म्हाताऱ्या बापाचे अखेरचे दिवस तर भरून येतच नाहीत. ज्याचे नुकसान न भरणारे, त्याच्या शब्दास अधिक वजन द्यावे, मग तो पती असो वा पत्नी.

तिसरे असे की, निर्णय मुदतीचा करावा. धाकट्याची चौथी होईपर्यंत येथे, त्यानंतर पुन्हा बसून बोलू, आणि त्या वेळी पहिला शब्द ज्याने आज माघार घेतली त्याचा. मुदत घालण्यास दुसरेही कारण आहे. गावांचे दैव पालटते. २०१३ साली मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत आली. २०१४ साली पालघर जिल्ह्याचे ठिकाण झाले. २०२४ साली वाढवण बंदरास केंद्र सरकारची मंजुरी मिळाली, आणि त्याबद्दल कोणी आशेने बोलतो तर किनाऱ्यावरील मच्छीमार चिंतेने. दहा-बारा वर्षांत जेथे इतके पालटते, तेथे आजचा निर्णय जन्माचा आहे असे मानू नये.

चौथे, ज्याने माघार घेतली त्याचे नुकसान मोठ्याने बोलून दाखवावे, आणि त्याची काही भरपाई ठरवावी. पत्नीचे आशा सेविकेचे काम सुटले, तर नव्या गावी तिला काम किंवा शिक्षण मिळेपर्यंत पाणी भरणे, मुलास शाळेत पोहोचविणे ही कामे पतीने अंगावर घ्यावीत. पतीने आईबापांपासून दूर जाणे पत्करले, तर लावणीच्या आणि सणाच्या दिवसांत गावी जाण्याचा खर्च घरखर्चातून आधी काढून ठेवावा.

ह्यावर कोणी म्हणेल, "नवराबायकोत हिशेब कसला? प्रीती असेल तेथे देणेघेणे मोजीत नाहीत." हा आक्षेप गोड आहे, परंतु तो बहुधा घेणाऱ्याच्याच तोंडून ऐकू येतो. हिशेब न मांडल्याने तो नाहीसा होत नाही. तो एकाच्या मनात मांडला जातो, दुसऱ्यास न दाखविता. मग वीस वर्षांनी, मुलीच्या लग्नात किंवा दुखण्याच्या अंथरुणावर, "तुमच्यासाठी मी माझे गाव सोडले" असे एक वाक्य निघते, आणि ऐकणारा थक्क होतो. दोघांनी मिळून पाहिलेला हिशेब प्रीतीस मारक नाही. देणाऱ्याने दिले आणि घेणाऱ्याने ते घेतल्याचे मानले, एवढेच त्यात असते.

अशा तंट्यात गावचे धर्मशिक्षक आणि वडीलधारी मंडळी ह्यांस बोलावण्याची आपल्याकडे चाल आहे. त्यांस आमची एकच विनंती. जो मोठ्याने बोलतो त्याचे म्हणणे सर्वांनी ऐकलेलेच असते. दारापाशी पदर सावरून जी गप्प बसली आहे, किंवा बायकोच्या माहेरच्या माणसांपुढे जो खाली मान घालून बसला आहे, त्याला आधी विचारावे, आणि शक्य तर एकटे गाठून विचारावे. उत्तरास वेळ लागला तर थांबावे. सामान बांधावयास एक दिवस पुरतो. त्याच्या आधी हे विचारणे झालेले असावे.