एक टक्का प्रवासी

६ जुलै २०१४ पासून लंडनच्या बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. ड्रायव्हरजवळच्या यंत्राला कार्ड किंवा फोन टेकवायचा, झालं. तेव्हा रोखीने भाडं देणारे जेमतेम एक टक्का उरले होते. सुट्ट्यांची कटकट गेली, बसचा थांब्यावरचा खोळंबा कमी झाला. मी सॉफ्टवेअरवाला, मला हे पटतं. आमच्याकडे एक टक्क्याला 'एज केस' म्हणतात आणि पुढच्या रिलीजवर ढकलतात. तो रिलीज सहसा येत नाही.

पण या एक टक्क्यात कोण असतं? बँकेत खातं नसलेला माणूस. फोनची बॅटरी संपलेली मुलगी. आणि महिनाभरासाठी मुलाकडे आलेली नाशिकची एखादी आई. तिच्या पर्समध्ये पौंडांच्या खऱ्या नोटा आहेत, पण बसमध्ये त्यांचा उपयोग शून्य. मुलाच्या कार्डावर दोघांचं भाडं भरता येत नाही, माणशी वेगळं कार्ड लागतं. स्टेशनवर किंवा ठरावीक दुकानांत रोख देऊन ऑयस्टर कार्ड मिळतं, म्हणजे वाट अगदीच बंद नाही. फक्त ती आधी माहीत हवी.

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापतात. लहानपणापासून तो छापखाना पाहतोय, पण नोटेचा मोठा गुण लक्षात यायला वेळ लागला: ती देणाऱ्याचं नाव, खातं, नेटवर्क काही विचारत नाही. कार्ड मात्र तुम्ही कुठे चढलात हेही लक्षात ठेवतं.

एसटीत आता कंडक्टरच्या मशीनवर यूपीआय चालतं. चांगलंच आहे. पण सोबत रोखही चालते. सुट्टे नसले की कंडक्टर उरलेली रक्कम तिकिटामागे लिहून देतो. त्यावरून भांडणं होतात, उतरायच्या घाईत दहा रुपये राहूनही जातात. तरी कुणाला गाडीत घ्यायचंच नाही, असं होत नाही.

बस सार्वजनिक आहे म्हणजे भाडं द्यायला तयार असलेल्या कुणालाही तिच्यात चढता यावं, असं मी समजतो. मग त्याआधी बँकेने त्याला ओळखलेलं असावं, ही अट कुठून आली? मित्र म्हणतो, शिकतील लोक. शिकतीलही. पण शिकेपर्यंत त्यांनी चालत जायचं का?

एसटीने रोज सुमारे ५० लाख माणसं प्रवास करतात. त्यांचा एक टक्का म्हणजे ५० हजार. साधारण हजार भरलेल्या गाड्या.