बासष्ट सेंटांचं ज्ञान

'काउंटर-स्ट्राइक'चा सामना सुरू होण्याआधी एका संघाच्या नावापुढे ६२ सेंट असा आकडा दिसतो. म्हणजे हा संघ जिंकला तर एक डॉलर देणारा करार आत्ता ६२ सेंटला मिळतोय, बाजाराच्या मते त्यांची जिंकण्याची शक्यता साधारण ६२ टक्के आहे. संघ हरला तर कराराची किंमत शून्य. सामना सुरू झाला की हा आकडा राऊंडगणिक हलतो. सुरुवातीचा पिस्तुलांचा राऊंड घेतला की चढतो. खेळातले पैसे संपून संघ पुढच्या राऊंडला स्वस्तातली हत्यारं घेऊन उतरला की घसरतो. जो आधी १३ राऊंड जिंकेल, मॅप त्याचा. तेवढ्या वेळात हा भाव एखाद्या स्मॉलकॅप शेअरला लाजवेल इतका नाचतो.

याला 'प्रेडिक्शन मार्केट' म्हणतात. 'सट्टा' म्हटलं की तिथली मंडळी नाराज होतात, आणि त्यांचा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फ्रीडरिक हायेकने १९४५ साली एका निबंधात मांडलं होतं की समाजातलं ज्ञान असंख्य डोक्यांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेलं असतं आणि बाजारातली किंमत ते तुकडे एकत्र आणते. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने १९८८पासून अध्यक्षीय निवडणुकीवर छोट्या रकमांचा असा बाजार चालवला. टीव्हीवरच्या तज्ज्ञाला आपलं भाकीत फसल्याची किंमत मोजावी लागत नाही, पैसे लावणाऱ्याला लागते. त्यामुळे त्याचा आकडा जास्त प्रामाणिक असतो. इंजिनिअर म्हणून मला हा विचार मनापासून आवडतो.

पण ज्ञान तयार होतंय म्हटल्यावर पुढचा प्रश्न येतो: ते कुणाला हवंय? निवडणुकीचा अंदाज व्यापाऱ्याला, निर्यातदाराला उपयोगी पडतो. पावसाचा अंदाज शेतकऱ्याला लागतो. सामन्याचा निकाल मात्र तीन तासांत सगळ्या जगाला फुकट कळणार असतो. तो तीन तास आधी ६२ टक्के अचूकतेने कळल्यामुळे कुणाची पेरणी वाचत नाही. तेव्हा ज्ञाननिर्मितीचा बचाव इथे फार दूर जात नाही. उरतो तो पैशांचा खेळ, आणि त्याकडे पैशांचा खेळ म्हणूनच पाहायला हवं.

हा प्रश्न माझ्यासाठी हवेतला नाही. गेली दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी मी या सामन्यांचं भाकीत करणारं एक मॉडेल लिहितोय. कोणता संघ कोणत्या मॅपवर कसा खेळतो, राऊंडचा पहिला बळी कोण घेतं, नवा खेळाडू आल्यावर किती आठवडे घडी बसत नाही, असं सगळं त्यात आहे. कॉलेजातला माझा एक मित्र अमेरिकेत असतो आणि तिथे या बाजारात ट्रेडिंग करतो. तो म्हणाला, "मॉडेल दे, नफ्यात निम्मे तुझे." मी का-कू करतोय म्हटल्यावर म्हणाला, "अरे, मी कुणाला फसवतोय का? समोरच्याला ७० टक्के वाटतात, मला ५५. दोघंही सज्ञान आहोत. तू एसआयपी करतोस ते काय वेगळं?"

वेगळं आहे. कंपनी वाढली तर तिचे सगळे भागधारक एकदम श्रीमंत होऊ शकतात. इथे एका बाजूचे ६२ आणि दुसऱ्या बाजूचे ३८ मिळून बरोबर एक डॉलर होतो, वर बाजाराची फी. मी जे कमावणार ते पैशापैशाने कुणीतरी गमावलेलं असणार. पण तेवढ्याने मित्राचं म्हणणं खोटं ठरत नाही. पत्त्यांच्या डावातही हेच होतं आणि चार मित्र पाच-पाच रुपयांनी तीनपत्ती खेळले तर मला त्यात पाप दिसत नाही.

मग मी समोर कोण बसलंय ते पाहायला लागलो. एक असतो चाहता. त्याला आपला संघ जिंकायला हवा असतो आणि तो भावनेचे पैसे मोजतो. दुसरा असतो स्ट्रीम बघत सौदे करणारा. स्ट्रीम प्रत्यक्ष खेळाच्या मागे असतं. ज्याच्याकडे खेळाचा डेटा आधी पोचतो, तो संपलेल्या राऊंडवर सौदा करत असतो आणि हा बिचारा राऊंड चालू आहे असं समजून बसलेला असतो. याला मतभेद म्हणता येत नाही, आमच्या धंद्यात याला लेटन्सी म्हणतात.

तरीही सगळ्यात अवघड भाग प्रेक्षकाचा नाही, खेळाडूचा आहे. मुंबईच्या १८८७च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात पाऊस पडणं-न पडणं आणि कापसाच्या भावातले आकडे यांवरच्या जुगाराचा वेगळा उल्लेख सापडतो. पुढे न्यूयॉर्कच्या कापूसभावांच्या आकड्यांवरच मटका उभा राहिला. मात्र आपल्यावर कुणी किती लावलेत हे ढगाला माहीत नसतं. सामन्याचा निकाल दहा पोरांच्या हातात असतो आणि त्यांना भाव दिसतो.

२०१४ साली 'आयबायपॉवर' हा अमेरिकेतला तगडा संघ एका दुबळ्या संघाशी ठरवून हरला. पैजा होत्या खेळातल्या बंदुकांच्या रंगीत 'स्किन्स'च्या, ज्या बाहेर खऱ्या पैशांना विकल्या जात. जानेवारी २०१५मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने संबंधित खेळाडूंना आपल्या स्पर्धांतून बाद केलं. दक्षिण कोरियात 'स्टारक्राफ्ट २'चा २०१४चा विश्वविजेता ली सुंग-ह्यून २०१५मध्ये पैसे घेऊन सामने हरला. त्याला पुढच्या वर्षी अटक झाली आणि शिक्षाही झाली. सामने हरला तेव्हा तो १८ वर्षांचा होता.

मित्राचं उत्तर तयार होतं: "भाव विचित्र हलला म्हणूनच असे लोक पकडले जातात. बाजार उलट पहारा देतो." यात तथ्य आहे. पण हे घरात आधी उंदीर सोडून मग मांजर पाळल्याचं श्रेय घेण्यासारखं आहे. शिवाय ठरवून हरणाऱ्याला समोर खरे पैसे लावणारं कुणीतरी लागतं, नाहीतर त्याची चोरी विकली जाणार कुणाला? बाजार जितका खोल तितकी त्याची रक्कम गर्दीत मिसळून जाते. आणि बाजाराला खोली माझ्यासारख्या सरळ माणसांच्या पैशांनी येते.

शेवटचा धक्का मॉडेलनेच दिला. जुने भाव त्यातून चालवून पाहिले तेव्हा मोठ्या स्पर्धांत फायदा जवळजवळ शून्य निघाला, तिथे सगळ्यांनी सगळं आधीच हिशोबात धरलेलं असतं. फायदा दिसला तो खालच्या लीगमध्ये. तिथे बक्षीस किरकोळ असतं, खेळाडूंना पगार मिळेलच याची खात्री नसते आणि कॅमेरेही फारसे नसतात. म्हणजे माझी हुशारी नेमकी तिथेच विकली जाणार, जिथे एखाद्या पोराला हरण्याचे पैसे जिंकण्यापेक्षा जास्त मिळू शकतात.

कायदा इथे मला फारशी मदत करत नाही. भारताच्या २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले. अमेरिकेत हेच करार वायदेबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या नियमांखाली विकले जातात आणि हा सरळ सट्टाच आहे म्हणत काही राज्यं कोर्टात भांडताहेत. विमानात बसून एखाद्या कृतीची नैतिकता बदलत असेल तर ती नैतिकता नव्हे, व्हिसाच.

मी मित्राला नाही म्हटलं. "तू नाही दिलंस तर दुसरा कुणी देईल," तो म्हणाला. देईलच, आणि त्या बाजारात माझ्या नकाराने एका सेंटाचाही फरक पडणार नाही. पण या वाक्यातून फक्त पुढे काय होईल ते कळतं. मी काय करावं हे त्यातून कळत नाही. आमची मैत्री शाबूत आहे. तो स्वतःचं मॉडेल लिहितोय आणि कधीतरी कोडमधली शंका विचारतो. यातल्या कोणत्या शंकेचं उत्तर द्यायचं आणि कोणत्या नाही, ही रेघ मला अजून नीट आखता आलेली नाही.