भरताचं हरीण आणि आमचा मोती

आजचं वाचन: श्रीमद्भागवत, स्कंध ५, अध्याय ८

गंडकीच्या काठी जपाला बसलेल्या भरताने पाण्यात पडलेलं हरणाचं पाडस उचललं. मग त्याच्या लाडात नित्यनेम एकेक करून सुटले. मरतानाही मनात तेच, म्हणून पुढचा जन्म हरणाचा.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून घरी आले, तेव्हा हा अध्याय मला फारच सोयीचा वाटला. मोती १३ वर्षांचा, किडन्या निकामी होत आलेल्या. बाबा रोज संध्याकाळी त्याला कातडीखाली सलाईन देतात; तेव्हा कुणीतरी त्याला धरून बसावं लागतं. मी म्हणाले, "आई, तू धर ना, माझं सबमिशन आहे." आणि मनात: मोह नको.

खरं सांगू? खोलीत जाऊन एक पानही उलटलं नाही. सुई टोचताना त्याचं कण्हणं ऐकवत नव्हतं, एवढंच. त्याला वैराग्य म्हणणं जरा जास्तच झालं!

काल पुन्हा वाचलं. पाडस वाचवलं तिथे भरत चुकला, असं मला वाटत नाही. महाभारताच्या शेवटी धर्मराज तर कुत्र्याला सोडून स्वर्गातही जायला तयार नव्हता. भरताचा नेम सुटला, पण निदान पाडस तरी जवळ होतं. माझा अभ्यासही सुटला होता आणि मोतीही.

आज मी धरलं. पंधरा मिनिटं त्याची मान माझ्या मांडीवर होती. मग ड्रॉइंगची शीट काढायला बसले. अर्धी अजून बाकी आहे, आणि परवाची गाडी आहे.