पंचांगाआधी फुललेली सावर

पनवेलहून गोवा महामार्गाने कर्नाळ्याकडे निघालं, की फेब्रुवारीत निष्पर्ण काटेसावर लाल फुलांनी लगडलेली दिसते. मागोमाग पांगारा, पळस. युरोपात वसंताची वर्दी डॅफोडिल देतं. इथे ती झाडांवरून येते, तीही पंचांगाला न विचारता.

पंचांगात तेव्हा शिशिर असतो! वसंत चैत्र-वैशाखाचा, वसंतपंचमी मात्र माघातली. ही चूक म्हणायची का? श्रद्धाळू मनाला तसं वाटत नाही. पाहुणा यायच्या आधीच घर सारवायला घेतात.

गीतेच्या दहाव्या अध्यायात कृष्ण ऋतूंमध्ये स्वतःला वसंत म्हणवतो. मग सावर फुलते ती देवाची खूण म्हणून, की पोटापाण्यासाठी? वनस्पतिशास्त्राचं उत्तर रोकडं आहे: पानं नसली की फुलं दुरून दिसतात, मधासाठी मैना, बुलबुल येतात आणि परागीभवन होतं. माणूस या व्यवहारात कुठेच नाही. तरी पळसाच्या त्रिदळात ब्रह्मा, विष्णू, महेश पाहणारा तोच. त्याचा तो हक्क नाकारायचं कारण नाही. झाडावर मात्र त्याचं ओझं टाकू नये.

शिमग्यानंतर सावरीला बोंडं धरतात आणि उन्हाळ्यात ती फुटून कापूस उडू लागतो.