रिकाम्या मुलखाचा कज्जा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८६० साली जी खानेसुमारी झाली तिच्या तक्त्यांत काही आकडे असे आहेत की ते दोनदा वाचावे लागतात. ज्या कॅन्सस प्रदेशावरून मागली सहा वर्षे माणसे एकमेकांच्या जिवावर उठली होती, ज्याच्या नावाने जुने पक्ष मोडले आणि नवे उभे राहिले, त्या कॅन्ससमध्ये गुलामांची संख्या होती २. शेजारच्या नेब्रास्कात ती १५ होती, आणि मेक्सिकोपासून जिंकून घेतलेल्या यूटामध्ये २९. तिन्ही मिळून ४६ माणसे. दक्षिणेकडील राज्यांत त्याच वर्षी साडेएकोणचाळीस लाखांवर माणसे दास्यात होती. परंतु त्यांच्या बेड्यांना हात घालण्याची भाषा कोणताही मोठा पक्ष, अगदी लिंकनचा रिपब्लिकन पक्षसुद्धा, त्या वेळी करीत नव्हता. कज्जा चालला होता तो या शेहेचाळिसांचा, किंवा अधिक नेमके बोलायचे तर, जे गुलाम तेथे अद्याप पोहोचलेलेच नव्हते त्यांचा.

या आकड्यांचा आधार घेऊन, या कज्ज्यातून पेटलेले यादवी युद्ध टाळता येण्याजोगे होते असे प्रतिपादन करणारे इतिहासकार अमेरिकेतच होऊन गेले. कापसाला लागणारी माती आणि पाऊस जेथे संपतो तेथेच गुलामगिरीची नैसर्गिक शीव येते, आणि ती शीव १८६० च्या सुमारास बहुतेक गाठली गेलीच होती, असे चार्ल्स रॅम्सडेल याने १९२९ साली मांडले. पुढे जेम्स रँडल याने सारा ठपका त्या पिढीतील पुढाऱ्यांच्या घोडचुकांवर ठेवला. युक्तिवाद समंजस दिसतो. परंतु आपल्याकडील भाऊबंदकीचे दावे ज्यांनी जवळून पाहिले आहेत त्यांना हे सांगावे लागत नाही की बांधावरच्या वीतभर जमिनीसाठी जो दावा तीन पिढ्या चालतो तो त्या वीतभर जमिनीच्या उत्पन्नासाठी चालत नसतो. बांध कोणी घालायचा आणि घातलेला बांध कोणी मानायचा, हे एकदाचे ठरावे म्हणून तो चालतो. अमेरिकेतील पश्चिमेचा प्रश्न याच जातीचा होता. जुन्या राज्यांतील गुलामगिरी ही दोन्ही पक्षांनी गृहीत धरलेली वहिवाट होती, आणि वहिवाटीवर माणसे सहसा भांडत नाहीत. नवा मुलूख हाती आला की मात्र ती वहिवाट हा हक्क आहे की केवळ सोसलेली गोष्ट, याचा निवाडा देणे भाग पडे, आणि असा मुलूख त्या राष्ट्राच्या हाती सारखा येत गेला.

वास्तविक हा प्रश्न जन्मतःच मिटण्याचा एक प्रसंग आला होता. पश्चिमेकडील साऱ्या प्रदेशांत १८०० सालानंतर गुलामगिरी असू नये अशी सूचना थॉमस जेफर्सनने १७८४ साली मांडली आणि ती एका मताने पडली. न्यू जर्सीचा एक प्रतिनिधी आजारी असल्यामुळे सभागृहात नव्हता. पुढे तीन वर्षांनी ओहायो नदीच्या उत्तरेपुरती बंदी झाली. दक्षिणेकडील भाग मोकळा राहिला, आणि १७९३ साली एली व्हिटनीचे सरकी काढण्याचे यंत्र आल्यावर त्या मोकळ्या भागाचे सोने झाले. आखूड धाग्याच्या ज्या कापसाची सरकी हाताने काढता काढता दिवस जाई तो आता हवा तितका साफ होऊ लागला, इंग्लंडातील गिरण्यांची भूक अमर्याद होती, आणि जॉर्जियापासून मिसिसिपीच्या खोऱ्यापर्यंतची काळी जमीन चेरोकी, क्रीक, चॉक्टॉ वगैरे मूळ रहिवाशांना हुसकावून, १८३० च्या कायद्याने त्या हुसकावण्याला रीतसर सनद देऊन, मळेवाल्यांच्या ताब्यात गेली. कापूस जमीन लवकर झिजवतो हे वऱ्हाड-खानदेशातील वाचकाला ठाऊकच आहे. तेथे जमीन झिजली की मळेवाला पुढे सरके, आणि त्याच्या मागोमाग व्हर्जिनिया-मेरीलँडसारख्या जुन्या, तंबाखूने थकलेल्या मुलखातून गुलामांचे तांडे साखळ्या घालून दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे चालविले जात. यादवीपूर्वीच्या सत्तर वर्षांत असे सुमारे दहा लक्ष जीव हलविले गेले.

म्हणून नैसर्गिक शिवेचा सिद्धान्त मला पटत नाही. टेक्सस हा १८४५ साली संघराज्यात सामील झाला. त्यापूर्वी दहा वर्षे तेथे पाचेक हजार गुलाम होते, आणि १८६० साली ते १ लक्ष ८२ हजारांवर गेले. रिचमंडच्या ट्रेडेगर कारखान्यात गुलाम लोखंड ओतीत होते, कॅलिफोर्नियाच्या खाणींत काही धनी आपले गुलाम घेऊन गेले होते. ज्याचे श्रम विकत मिळतात त्याला कापूसच वेचावा लागतो असे थोडेच आहे! पण याहून महत्त्वाची गोष्ट हिशेबाच्या वहीत होती. गुलाम हा मळेवाल्याचा मजूर होता तसाच तो त्याचे भांडवल होता, सावकाराकडे ठेवलेले गहाण होता, मुलीच्या लग्नात द्यायची देणगी होता. दक्षिणेतील या जिवंत मालमत्तेची एकूण किंमत १८६० साली तीन अब्ज डॉलरांच्या घरात जात होती असा अंदाज आहे. अशा मालमत्तेची किंमत आजच्या पिकावर ठरत नाही, उद्याच्या बाजारावर ठरते; आणि उद्याचा बाजार पश्चिमेला होता. व्हर्जिनियाचा जो जमीनदार स्वतः एक बोंडही पिकवीत नव्हता त्याचेही हित या नव्या मुलखात गुंतले होते, कारण त्याचे खरे पीक माणसे हेच झाले होते.

१८०३ साली नेपोलियनने लुइझियानाचा अफाट मुलूख दीड कोटी डॉलरांना विकला. हाइतीतील गुलामांनी बंड करून त्याच्या फौजेची वाताहत केली नसती तर त्याने तो विकला असता की नाही याची शंकाच आहे, म्हणजे गुलामांच्या स्वातंत्र्ययुद्धामुळे अमेरिकेतील गुलामगिरीला नवे कुरण मिळाले. त्याच मुलखातील मिसुरीने राज्याचा दर्जा मागितला तेव्हा मुक्त आणि गुलाम राज्ये ११-११ अशी समतोल होती. प्रत्येक राज्याला सेनेटात दोन जागा. उत्तरेची लोकसंख्या भराभर वाढत असल्यामुळे प्रतिनिधिगृह दक्षिणेच्या हातून गेलेच होते, सेनेट तेवढे राखायचे होते. १८२० मध्ये तोड निघाली: मिसुरीबरोबर मेन हे मुक्त राज्य आत घ्यावे आणि उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० कला या अक्षांशाच्या उत्तरेस गुलामगिरी नसावी. वृद्ध जेफर्सनला ही वार्ता रात्री वाजलेल्या आगीच्या घंटेसारखी भासली, असे त्याने एका पत्रात लिहिले. मात्र याच पत्रात गुलाम विस्तृत प्रदेशावर पसरले तर त्यांचे दुःख हलके होईल असेही तो सुचवितो, आणि १७८४ चा जेफर्सन कोठे गेला असा प्रश्न वाचणाऱ्याला पडतो. एका नैतिक प्रश्नाचा निकाल सरहद्दीच्या तंट्यासारखा साखळी टाकून, खुणेचे दगड रोवून लावण्यात आला होता. तो तीसेक वर्षे टिकला हे आश्चर्य नव्हे. तेवढ्या काळात रेषेच्या अलीकडे-पलीकडे वाटून घेण्यास पुरेशी जमीन होती म्हणून तो टिकला.

मेक्सिकोशी झालेल्या युद्धाने वाटणीला पुन्हा प्रारंभ केला. युद्ध पुरते रंगात यायच्या आतच, १८४६ च्या ऑगस्टात, पेनसिल्व्हेनियाच्या डेव्हिड विल्मट याने अशी उपसूचना आणली की या युद्धात मिळणाऱ्या कोणत्याही भूमीत गुलामगिरी असू नये. प्रतिनिधिगृहाने ती संमत केली, सेनेटाने होऊ दिली नाही, आणि मतदान प्रथमच पक्षांच्या रेषेवर न होता दिशांच्या रेषेवर झाले. या विल्मटला गुलामांचा कळवळा होता असे मात्र कोणी समजू नये. आपल्याला गुलामाविषयी विशेष सहानुभूती नाही, आपण गोऱ्या मजुराच्या हक्काचे वकीलपत्र घेतले आहे, असा त्याचा खुलासा होता. ऑरेगॉनने पुढे आपल्या राज्यघटनेत गुलामगिरीस बंदी घातली आणि त्याच घटनेत काळ्या माणसाला वस्ती करण्यासही बंदी घातली. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील सदाचारी लोकांना, त्यांच्या निःस्वार्थ त्यागाबद्दल आदर म्हणून, अर्पण केले तेव्हा त्यांच्या दृष्टीपुढे दास्यविमोचनासाठी आयुष्य वेचणारी माणसे असणार, आणि तशी ती होतीच. पण निवडणुकीत पारडे झुकविणारा जो मोठा जमाव उत्तरेत होता त्याला शेजारी गुलाम नको होता, कारण गुलामांच्या धन्याशी शेतीत स्पर्धा करणे त्याला परवडणार नव्हते. हे सांगण्यात जोतीरावांच्या कृतज्ञतेला उणेपणा येतो असे मला वाटत नाही. सद्हेतू आणि स्वार्थ एकाच गाडीला जुंपले गेले म्हणून ती गाडी चालली.

१८५० च्या तडजोडीचा तपशील येथे उगाळीत बसत नाही. कॅलिफोर्निया मुक्त राज्य झाले, आणि त्याच्या मोबदल्यात पळून गेलेले गुलाम धरून देण्याचा एक अघोरी कायदा उत्तरेच्या माथी मारला गेला, ज्यात माणूस गुलाम ठरविला तर अधिकाऱ्याला दहा डॉलर शुल्क मिळे आणि मुक्त ठरविला तर पाच.

खरी ठिणगी पडली ती १८५४ साली. इलिनॉयचे सेनेटर स्टीफन डग्लस यांना शिकागोहून पश्चिमेकडे लोहमार्ग हवा होता, त्यासाठी मधल्या प्रदेशात सरकार स्थापन व्हायला हवे होते, आणि त्यासाठी दक्षिणेची मते हवी होती. म्हणून त्यांनी १८२० ची रेषाच पुसून टाकली आणि गुलामगिरी असावी की नसावी हे तेथल्या रहिवाशांनी मतदानाने ठरवावे असा कायदा करून घेतला. लोकशाहीला इतकी शोभणारी दुसरी युक्ती कोणती! पण रहिवासी कोण, हे कोणी ठरवायचे? कॅन्ससमध्ये १८५५ च्या मार्चमध्ये निवडणूक झाली तेव्हा मतदारयादीत तीन हजारांच्या आत नावे होती आणि मते पडली सहा हजारांवर. मिसुरीहून हत्यारबंद टोळ्या नदी ओलांडून आल्या, मते देऊन संध्याकाळी परतल्या. पुढच्या वर्षी मे महिन्याच्या चार दिवसांत गुलामगिरीविरोधकांचे लॉरेन्स गाव लुटले गेले, राजधानीत सेनेटच्या सभागृहात गुलामगिरीविरोधी सेनेटर चार्ल्स सम्नर याला दक्षिणेच्या एका प्रतिनिधीने काठीने रक्तबंबाळ केले, आणि गुलामगिरीचा कडवा शत्रू जॉन ब्राऊन याने पॉटावाटोमी ओढ्याकाठी पाच माणसांना रात्री घराबाहेर काढून तलवारीने तोडले. दोन गुलामांच्या प्रदेशात यादवीची रंगीत तालीम झाली ती अशी.

मतपेटीने जे साधले नाही ते न्यायासनाने करून पाहिले. ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामाला त्याचा धनी, एक लष्करी डॉक्टर, इलिनॉयमध्ये आणि नंतर मिसिसिपीच्या उगमाकडील फोर्ट स्नेलिंग या ठाण्यावर घेऊन राहिला होता. ते ठाणे १८२० च्या रेषेच्या पुष्कळ उत्तरेस. तेव्हा तेथे राहिल्याने आपण मुक्त झालो, असा स्कॉटचा दावा. सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी १८५७ च्या मार्चमध्ये निवाडा दिला की काळ्या माणसाला या राष्ट्राचे नागरिकत्वच असू शकत नाही, आणि गुलाम ही मालमत्ता असल्यामुळे कोणत्याही प्रदेशात ती नेण्यास काँग्रेस बंदी करू शकत नाही. तंटा कायमचा मिटविण्याच्या हेतूने दिलेल्या या निर्णयाने तडजोडीचा पायाच काढून घेतला. गुलामगिरीस बंदी हे रिपब्लिकनांचे सारे सर्वस्व बेकायदा ठरले, आणि रहिवाशांच्या मतदानाचा डग्लसचा मार्गही त्यातच बुजला. बांध कोणी घालायचा या प्रश्नाला न्यायालयाचे उत्तर असे, की बांध घालताच येत नाही.

यानंतरच्या चार वर्षांत लिंकनचे वर्तन पाहिले म्हणजे कज्ज्याचे मर्म उघड होते. १८६० च्या नोव्हेंबरात सुमारे चाळीस टक्के मतांवर तो राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला. दक्षिणेतील दहा राज्यांत त्याच्या नावाला एकही मत नोंदले गेले नाही. जुन्या राज्यांतील गुलामगिरीला आपण हात लावणार नाही हे त्याने पुनःपुन्हा सांगितले, तसे राज्यघटनेत कायमचे लिहून ठेवण्यासही तो तयार होता. परंतु केंटकीचे वृद्ध सेनेटर क्रिटेन्डन यांनी ३६ अंश ३० कलांची रेषा थेट पॅसिफिकपर्यंत ओढावी आणि पुढे मिळणाऱ्या मुलखालाही ती लागू करावी अशी दरखास्त आणली, तेव्हा विस्ताराच्या बाबतीत तसूभरही मागे सरू नका, असे त्याने आपल्या सहकाऱ्यांना बजावले. ‘पुढे मिळणाऱ्या मुलखाला’ या शब्दांत क्यूबा होते, मध्य अमेरिका होती; विल्यम वॉकर नावाच्या साहसी माणसाने निकाराग्वा बळकावून तेथे गुलामगिरी पुन्हा सुरू केल्याला चारच वर्षे झाली होती. दक्षिणेनेही हे ओळखले होते. मुक्त राज्ये १८ आणि गुलाम राज्ये १५ असा हिशेब झालाच होता. वाढ थांबली तर सेनेट गेले, गुलामांचा भाव गेला, आणि कोंडलेल्या मुलखात काळ्यांची संख्या गोऱ्यांवर चढत जाईल ही भीती वेगळीच. साउथ कॅरोलिना २० डिसेंबरला फुटून निघाली.

दक्षिणेच्या जागा रिकाम्या झाल्याबरोबर जे कायदे वर्षानुवर्षे अडले होते ते भराभर संमत झाले, आणि पश्चिमेचा निकाल रणांगणाआधी दप्तरातच लागला. १८६२ च्या मे महिन्यात वसाहतकऱ्याला १६० एकर जमीन जवळजवळ फुकट देणारा कायदा झाला, जूनमध्ये सर्व प्रदेशांत गुलामगिरी बंद झाली, आणि १ जुलैला पॅसिफिकपर्यंतच्या लोहमार्गाला सनद मिळाली. ऑगस्टमध्ये मिनेसोटात डकोटा लोक, ज्यांची जमीन करारांनी घेतली गेली होती आणि ज्यांच्या कराराचे पैसे वेळेवर पोहोचले नव्हते, उपाशी पोटी उठले. बंड मोडल्यावर ३०३ जणांना देहान्त शासन झाले. लिंकनने कागद वाचून बहुतेकांची शिक्षा रद्द केली, आणि २६ डिसेंबरला मॅनकेटो गावी ३८ जणांना एकदम फाशी दिली गेली. सहा दिवसांनी त्याने गुलामांच्या मुक्ततेच्या जाहीरनाम्यावर सही केली. त्या हिवाळ्यात डकोटांच्या बायका, मुले, म्हातारी माणसे मिळून सुमारे १,६०० जीव नदीकाठच्या एका कोंडवाड्यात ठेवले होते, आणि त्यांतले कित्येक वसंतापर्यंत जगले नाहीत. तो कोंडवाडा ज्या ठाण्याच्या कड्याखाली होता ते ठाणे फोर्ट स्नेलिंग. येथे राहिल्यामुळे आपण मुक्त झालो असे ड्रेड स्कॉट म्हणाला होता.