मुद्देमालाच्या यादीत बाळ

गिरगावात खाडिलकर रोडवरच्या चाळीची गॅलरी. आजोबा सेशन्स कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. नात फौजदारी वकिली करते.

नात : आजोबा, उच्च न्यायालयाचा बलात्काराच्या खटल्यातला २०२३ चा तो जामिनाचा आदेश आठवतो? पीडित मुलगी सतरा वर्षांची. बाळ दत्तक गेलेलं, कुणाकडे ते संस्था सांगेना. न्यायालय म्हणालं, आता डीएनए चाचणी बाळाच्या हिताची नाही. आरोपी सुटला.

आजोबा : जामिनावर. निर्दोष नव्हे.

नात : पण पुरावा गेला ना! बाळाचा निम्मा डीएनए बापाचा. याहून पक्का साक्षीदार कुठला?

आजोबा : त्या साक्षीदाराकडे जायचं तर नव्या आईबापांचं दार वाजवावं लागेल. सोबत हवालदार, आणि गॅलरीत अख्खी चाळ. संध्याकाळपर्यंत बातमी ठाकूरद्वारला! आपल्या प्रार्थना समाजानं १८७५ पासून पंढरपुरात बालकाश्रम चालवला. तिथे आधी बापाचा छडा लावत बसले असते, तर किती बायकांनी बाळ आणलं असतं?

नात : तेव्हा साधन नव्हतं. १९८६ मध्ये लेस्टरशायरला याच चाचणीनं आधी एका निरपराध पोराला सोडवलं. खोटी कबुली देऊन बसला होता बिचारा.

आजोबा : त्याचं रक्त त्याच्याच कामी आलं. कॅलिफोर्नियातला एक खुनी मात्र २०१८ मध्ये सापडला, तो दूरच्या नातलगांनी वंशावळीच्या हौसेनं दिलेल्या नमुन्यांवरून. मी माझी लाळ दिली की थोडी तुझीही दिली, तुला न विचारता. आपल्याकडे डीएनए विधेयक २०२३ मध्ये मागे घेतलं. आरोपींच्या ओळखीबाबतच्या २०२२ च्या कायद्यात नुसते ‘जैविक नमुने’, आणि नोंदी ७५ वर्षं.

नात : मग जन्मतानाच नाळेतलं रक्त घ्यावं, सील करून कलिन्याच्या लॅबला. दत्तक त्यानंतर. कुणाचं दार वाजवायला नको.

आजोबा : हे पटलं. पण नंतर त्या पाकिटाचं काय? मुद्देमालाच्या खोलीत पाहिलीत मी तसली पाकिटं. लाख तडकलेली, लेबलावर बाईचं नाव धडधडीत. खटला संपतो, पाकीट तिथंच.

नात : अपील संपलं की जाळायचं. पण तुम्ही सारखं बाळाचंच बघताय. त्या मुलीला उद्या विचारतील, कशावरून हाच?

आजोबा : तिची साक्ष आहे.

नात : नुसती साक्ष? उलटतपासण्या पाहिल्यात ना तुम्ही जन्मभर?

आजोबा : पाहिल्यात. म्हणून तर नाळेला हो म्हणालो. पाकीट जाळायची तारीख मात्र न्यायाधीशानं आदेशात लिहावी. पोलिसांवर सोडू नये.