एवढंच लिहून आणलं होतं

2018च्या पावसाळ्यात भिलाईत डेंग्यूची साथ पसरली, तेव्हा मी एका रुग्णालयाच्या पॅथॉलॉजीत तंत्रज्ञ होते. खुर्सीपार, छावणी, कॅम्प इकडून तापाची माणसं यायची, त्यांत पोरं फार. एनएस-वन चाचणी लावायची, प्लेटलेट मोजायच्या, पुढची नळी घ्यायची. एखादं पोर गेलं की आजी म्हणायची, शेजारीण म्हणायची, शेवटी आईही म्हणायची, ‘एवढंच लिहून आणलं होतं तिनं.’ हातात थोडाफार अधिकार असलेले एक गृहस्थही माझ्यासमोर हेच बोलले, आणि मनापासून हळहळून बोलले. आईच्या तोंडून ते ऐकताना माझे डोळे भरून आले होते. त्यांच्या तोंडून ऐकताना अंगाची लाहीलाही झाली. वाक्य एकच, मग असं का झालं, हा प्रश्न मी निवृत्तीनंतरही सोडलेला नाही.

डेंग्यूत खरा धोका ताप उतरताना सुरू होतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात रक्तातला द्रव बारीक वाहिन्यांतून बाहेर झिरपायला लागतो, रक्त घट्ट होतं, रक्तदाब कोसळतो. घरच्यांना दिसतं एवढंच की अंग गार झालं, पोरगी शांत निजली. मग ती जाते, आणि त्यांना वाटतं, बरी झाली होती तरी गेली, म्हणजे नशीबच. माझ्या हातातल्या रिपोर्टवर मात्र हेमॅटोक्रिट, म्हणजे रक्ताचा घट्टपणा, चढत गेलेला दिसत असे. लिहिलेलं काही असेलच तर ते त्या कागदावर होतं, आणि ते वेळेत वाचलं तर सलाइन लावून पुष्कळ जीव वाचतात.

साथीतलं मरण नशिबाचं का, हा प्रश्न जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचा, म्हणजे वस्त्याच्या वस्त्या ओस पडण्याचा, एक अध्याय आहे. उन्हाळा संपत आलाय, कांपिल्य नगराजवळ गंगेच्या काठी आचार्य आत्रेय शिष्यांबरोबर हिंडताहेत. त्यांतला अग्निवेश विचारतो की माणसांची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, बळ आणि वय वेगळं, मग एकाच रोगानं सगळी एकाच वेळी कशी मरतात? मला हा प्रश्न आयुर्वेदाइतकाच कर्मसिद्धान्तालाही विचारलेला वाटतो. प्रत्येकाचं प्रारब्ध ज्याचं त्याचं असेल, तर एका गल्लीतल्या पोरांची प्रारब्धं एकाच पंधरवड्यात कशी फळाला येतात? आत्रेय म्हणतात, वारा, पाणी, भूमी आणि काळ या चार गोष्टी सगळ्यांच्या सामाईक असतात, त्या बिघडल्या की गावंच्या गावं जातात. त्या बिघडण्याच्या मुळाशी ते अधर्म सांगतात आणि त्याची सुरुवात करतात देशाच्या, नगराच्या, निगमाच्या प्रमुखांपासून. प्रमुख धर्म सोडतात, मग त्यांच्या आश्रयाची माणसं, मग व्यापारी आणि नागरिक. पुढे देवता त्या प्रदेशाला सोडून जातात, असंही तिथे आहे. ते मला पटत नाही. पण दोषाचा तो क्रम मला फार मोलाचा वाटतो. पूर्वी केलेल्या असत्कर्माचा ते ओझरता उल्लेख करतात, पण दोषाचा क्रम मेलेल्याच्या मागच्या जन्मापासून लावत नाहीत.

आता भिलाईचं पाहू. इथे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, म्हणून घराघरात कूलर. डेंग्यूचा एडिस डास नालीच्या घाणीत वाढत नाही, त्याला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. त्याची अंडी कूलरच्या टाकीला, ड्रमच्या कडेला चिकटून कित्येक महिने कोरडी राहतात आणि पाणी लागलं की जागी होतात. नळ थोडाच वेळ येतो किंवा टँकरची वाट पाहावी लागते, अशा वस्तीतली बाई ड्रम भरून ठेवणारच; तो तिचा दोष कसा म्हणायचा? शिवाय हे शहर दोन कारभारांचं. टाउनशिपचे सेक्टर पोलाद कारखान्याचा नगर सेवा विभाग सांभाळतो, तांदुला धरणाचं पाणी कालव्यानं मरोद्याच्या जलाशयात येतं ते त्यांचं. बाकी शहर 1998 पासून नगर निगमाचं, त्याचं पाणी शिवनाथ नदीचं. कायम नोकरीतले कामगार बहुतेक क्वार्टरांत, ठेक्यावरचे बहुतेक वस्त्यांत. डास काही शे मीटर उडतो आणि हद्दीवर थांबत नाही.

कर्मसिद्धान्तात करणारा आणि भोगणारा एकच असावा लागतो, तरच तो न्याय. इथे टाकी एकाच्या घरात, ताप दुसऱ्याच्या लेकराला, आणि पाण्याची वेळ ठरवणारा तिसराच कुठेतरी टेबलाशी. त्या लेकरानं काय केलं होतं?

माझे बाबा भंडारा जिल्ह्यातले. 14 ऑक्टोबर 1956ला ते नागपूरला दीक्षाभूमीवर होते, नंतर कारखान्याची उभारणी चालू असताना इथे आले. लहानपणी त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं. विहिरीला शिवायचं नाही, कारण मागच्या जन्मीचं कर्म. म्हणून पाण्याच्या बाबतीत कोणी नशीब बोललं की आमच्या घरात कान टवकारतात. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त ठामपणे नाकारला. संयुत्तनिकायातही मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो की सगळं सुखदुःख पूर्वकर्मानंच होतं असं काही लोक म्हणतात, ते खरं का? बुद्ध पित्त, कफ, वात, त्यांचा मिलाफ, ऋतूतला बदल, हेळसांड, बाहेरून झालेला आघात अशी कारणं सांगतात आणि कर्म आठवं ठेवतात. सगळं कर्मानंच होतं म्हणणारे स्वतःला ठाऊक असलेल्याच्या आणि जगात खरं मानलेल्याच्याही पलीकडे जातात, असं त्यांचं उत्तर आहे.

म्हणजे मी त्या आईला जाऊन हे सांगायचं होतं का? नाही. नशीब म्हटलं नाही तर ती रात्रभर स्वतःलाच खाते, माझ्याच ड्रममुळे गेली, मीच उशिरा नेलं. त्या शब्दानं तिच्या डोक्यावरचा भार उतरतो आणि ती दुसऱ्या लेकरासाठी उठून चूल पेटवते. तो आधार तिच्याकडून काढून घ्यायचा हक्क मला नाही. पण ज्याच्या हातात पाइपलाइन आहे, औषधफवारणीची यादी आहे, त्यानं तोच शब्द उचलला तर तो तिचा आधार चोरतो. दुःखानं कमावलेला शब्द आहे तो. पदावरून बोलायचा नाही.

चरकसंहितेच्या त्याच अध्यायात आत्रेय आयुष्याला गाडीच्या आसाची उपमा देतात. चांगला आस आपल्या झिजेनं, वेळ झाल्यावरच जातो. तसलाच दुसरा आस जादा वजनानं, खाचखळग्यांच्या वाटेनं, अडाणी हाकणाऱ्यामुळे मध्येच मोडतो. दैवही आहे आणि पुरुषार्थही, असं ते मानतात, पण अवेळी मोडलेल्या आसाला ते ‘वेळ झाली होती’ म्हणत नाहीत.

आणि साथ येण्याआधीच, जमिनीतला रस टिकून आहे तोवर औषधी गोळा करून ठेवा, असं आत्रेय सांगतात. आपल्याकडे साथीआधीची ही तयारी जेठात करायची असते. मितानिन, म्हणजे वस्तीतली आरोग्य कार्यकर्ती, दारोदार जाते तेव्हा तिच्या हातात नुसती पत्रकं नकोत, टाक्या घासायला सोबत माणसं हवीत, पिंपांना झाकणं हवीत, आणि कोणत्या गल्लीत पाणी किती वेळ येतं हे लिहून घ्यायला वही हवी. साथीत गेलेल्या प्रत्येकामागे ताप कधी आला, पाणी कुठे साठलं होतं, दवाखान्यात कधी पोचला, हे निगमाच्या सभेत वाचलं जावं, पार्षदांनी, म्हणजे नगरसेवकांनी, ते बसून ऐकावं, आणि टाउनशिपच्या अधिकाऱ्यांनाही त्या दिवशी बोलवावं.